घरातल्या वृद्धांसाठी आरोग्य-घड्याळं, सेन्सर आणि फोनवरचे डॉक्टर: काय घ्यावं, कशावर विसंबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७६ वर्षांच्या. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. बीपीच्या गोळ्या चालू. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं आणि काही महिन्यांपूर्वी धाप लागून एकदा भरती करावं लागलेलं. घरी वडील ८० वर्षांचे, मुलं दुसऱ्या गावी. मुलाने आईंना स्मार्टवॉच घेऊन दिलं, तर आता त्याच्या फोनवर दिवसभर सूचना येतात आणि त्यातली कुठली मनावर घ्यायची ते कळत नाही. आणखी काय घ्यावं, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवून भागेल का, आणि भाऊ म्हणतो तसा घरात कॅमेरा लावावा का, असं त्याने विचारलं आहे.

मी वृद्धांचे दीर्घकाळचे आजार बघते आणि घरून येणाऱ्या अशाच आकड्यांवरून रोज औषधं कमी-जास्त करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक विनंती: पुढचं यंत्र इतक्यात घेऊ नका. आईंच्या आजारात कुठला आकडा रोज बघायचा, तो कोण बघणार आणि तो बिघडला तर त्याच दिवशी काय करायचं, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आधी कागदावर उतरवा. यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर यंत्र कितीही चांगलं असो, घरातली काळजी वाढते आणि तब्येत आहे तिथेच राहते.

हे नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही त्या आजाराच्या) रुग्णांवर झालेले दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. अमेरिकेतला ‘टेली-एचएफ’ हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात नुकतेच भरती होऊन गेलेले १,६५३ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोनला बटणं दाबून उत्तरं द्यायची होती: वजन किती, धाप लागते का, सूज आहे का. ती माहिती उपचार करणाऱ्यांकडे जायची. सहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा पुन्हा भरती किंवा मृत्यू यांचं प्रमाण फोन असलेल्या गटात ५२.३ टक्के आणि नसलेल्या गटात ५१.५ टक्के निघालं, म्हणजे फरक शून्य. सातातल्या एकाने ती यंत्रणा एकदाही वापरली नव्हती. अखेरच्या आठवड्यात तीनदा तरी उत्तर देणारे फक्त ५५ टक्के उरले होते.

दुसरा अभ्यास जर्मनीतला, ‘टिम-एचएफ२’, २०१८ सालचा. यात १,५७१ रुग्ण होते आणि सगळेच आदल्या वर्षभरात हार्ट फेल्युअरमुळे भरती होऊन गेलेले, म्हणजे तुमच्या आईंसारखेच. रोज वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन आणि ‘आज कसं वाटतंय’ एवढं पाठवायचं. पलीकडे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास हजर. आकडा हलला की ते स्वतः फोन करत, नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्यांत बदल करत, वेळ पडली तर भरती करून घेत. अचानक भरती किंवा मृत्यू यांत गेलेले दिवस नेहमीच्या उपचारांच्या गटात वर्षाला सरासरी २४.२ होते, या गटात १७.८. मृत्यूचं प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर) ११.३४ विरुद्ध ७.८६.

दोन अभ्यासांमध्ये आठ वर्षांचं अंतर आहे, मधल्या काळात औषधंही सुधारली, देशही वेगळे. तरीही माझं मत पक्कं आहे की खरा फरक पलीकडे बसलेल्या, बघून लगेच काही करू शकणाऱ्या माणसांनी पाडला. आकडा दूरवर पोचवणं हे तसं जुनंच काम आहे. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ईसीजीचे जनक आइंटहोवेन यांनी १९०५ साली दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला होता. अडतं ते आकडा पोचल्यानंतर.

म्हणून कागद. माझ्या रुग्णांच्या घरी भिंतीवर एक पान चिकटवलेलं असतं, मोठ्या अक्षरात. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: ‘सकाळचं वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर दुपारच्या आत फोन करा. वरचं बीपी १०० च्या खाली आणि उठल्यावर गरगरतंय, तर बीपीची पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. शुगर ७० च्या खाली असेल तर आधी १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग फोन करा.’ खाली दोन नंबर, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. तुमच्या आईंचे आकडे त्यांचे डॉक्टर ठरवतील, ते याहून वेगळे असू शकतात. पण रात्रीचा नंबर नक्की मागून घ्या. बहुतेक घरांत तोच नसतो.

आता यंत्रांकडे येते. आईंसाठी सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे साधा डिजिटल वजनकाटा. अंगावर घालायचं काहीच नाही, त्यामुळे कुणाला ते यंत्रच वाटत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठायला लागतं ते धाप लागण्याच्या बरेच दिवस आधी. ते पाणी आधी काट्यावर दिसतं, मग घोट्यांवर, आणि शेवटी रात्री उशा वाढवाव्या लागतात तेव्हा. सकाळी उठून लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तितक्याच कपड्यांत, त्याच काट्यावर, कडक फरशीवर ठेवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. एका दिवसाचे तीनशे-चारशे ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर सोडून द्या. सलग चढत गेलेला आकडा महत्त्वाचा. काटा वरून वाचता येत नसेल तर मोठ्या आकड्यांचा किंवा बोलणारा काटा मिळतो. आणि तोल जात असेल तर भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला बोटं टेकवून उभं राहून चालेल, फक्त रोज तसंच टेकवायचं आणि भार टाकायचा नाही. शरीरातली चरबी मोजणारे ‘स्मार्ट’ काटे पायांतून अगदी बारीक वीज सोडतात. पेसमेकर किंवा तसलं काही बसवलेलं असेल तर ते वापरू नयेत.

वजन उतरलं तरी कळवायचं. उलट्या-जुलाब लागले, खाणं बंद झालं आणि लघवीची गोळी मात्र चालूच राहिली, तर दोन दिवसांत मूत्रपिंडावर ताण येतो. बीपी आणि शुगरच्या काही गोळ्याही अशा दिवसांत थांबवाव्या लागतात. हे आधीच विचारून त्याच पानावर लिहून ठेवलं तर कितीतरी भरती टळतात.

दुसरं यंत्र बीपीचं. दंडावर बांधायचं, आपोआप फुगणारं, तपासणी होऊन प्रमाणित झालेलं. मनगटावरचं नको आणि घड्याळातलं बीपी तर नकोच. पट्टा न फुगवता बीपी सांगणारी यंत्रं सध्या वापरू नयेत, असं युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे. अशी बरीचशी उपकरणं नाडीच्या लहरीवरून अंदाज बांधतात आणि मधूनमधून खऱ्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. औषध बदललं की तो अंदाज कितपत टिकतो, याची खात्री देता येत नाही.

बीपी घेण्यात जेवढ्या चुका होतात तेवढ्या दुसऱ्या कशात होत नाहीत, म्हणून इथे थोडी थांबते. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीवर, उघड्या दंडावर. आणि बोलायचं नाही! फोनवर मुलाशी बोलत घेतलेलं बीपी हमखास चढं येतं. डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस, सकाळी गोळ्यांच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एकेक मिनिट थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी घेतलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर गेली तर ते वाढलेलं धरतात. आईंसाठी लक्ष्य किती ठेवायचं हे त्यांच्या चालण्या-पडण्याकडे बघून ठरतं. वृद्धांमध्ये मी एक जास्तीचं रीडिंग मागते: उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर रात्री बाथरूमला जाताना पडण्याचा धोका असतो, आणि हे कुठल्याही घड्याळात दिसत नाही.

या साध्या यंत्राचा फायदा सिद्ध झालेला आहे. ब्रिटनमधल्या ‘टास्मिन-एच४’ या २०१८ च्या अभ्यासात बीपी आटोक्यात नसलेल्या १,१८२ जणांचे तीन गट केले होते. वर्षाअखेर नेहमीसारखे उपचार घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी १४०.४ राहिलं, घरी मोजून कळवणाऱ्यांचं १३७.० आणि तेच आकडे मोबाइलवरून पाठवणाऱ्यांचं १३६.० झालं. मोबाइलने पाठवल्यामुळे पडलेली भर किरकोळ आहे. म्हणून वडिलांना ॲप जमत नसेल तर वहीच ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्या पानाचा फोटो मागवा. वहीला मी अजिबात कमी लेखत नाही.

शुगरचा सेन्सर हे मात्र असं यंत्र आहे की जे इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धांना मी आग्रहाने सुचवते. दंडावर किंवा पोटावर चिकटवायचा, दहा ते पंधरा दिवस राहतो, दर काही मिनिटांनी शुगर सांगतो. आग्रहाचं कारण वाढलेली शुगर नव्हे, उतरलेली. मधुमेह जुना झाला की घाम, थरथर, धडधड या धोक्याच्या खुणा बोथट होत जातात. हृदयासाठी दिलेल्या बीटा-ब्लॉकर गोळ्या थरथर आणि धडधड आणखी दाबतात, घाम तेवढा राहतो. मग उतरलेली शुगर थेट गोंधळ, बडबड, पडणं या रूपाने दिसते आणि घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. साठीच्या पुढच्या, टाइप १ मधुमेह असलेल्या २०३ जणांवर अमेरिकेत झालेल्या ‘विस्डम’ अभ्यासात (२०२०) सेन्सर लावल्यावर ७० च्या खाली जाणारा वेळ दिवसाला साधारण ७३ मिनिटांवरून ३९ मिनिटांवर आला. आईंचा मधुमेह बहुधा टाइप २ असेल, पण इन्सुलिन चालू असताना धोका त्याच जातीचा आहे.

सेन्सर लावलात तर काही गोष्टी माहीत असू द्या. तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने चढत-उतरत असेल किंवा आईंना वाटतंय एक आणि सेन्सर म्हणतोय दुसरंच, तेव्हा बोटाला टोचून ग्लुकोमीटरने खात्री करायची. रात्री त्या कुशीवर झोपल्या आणि सेन्सर दाबला गेला तर शुगर खोटीच उतरलेली दिसते. पहाटे तीनला असा अलार्म वाजून सगळं घर जागं होतं, म्हणून ज्या कुशीवर झोपतात त्या बाजूला लावू नका. काही सेन्सर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने, काही पॅरासिटॅमॉलने चुकतात, तेव्हा कुठला घेताय त्याची माहितीपत्रिका एकदा वाचा. वृद्धांची कातडी पातळ असते, सेन्सर ओरबाडून काढला तर सालपटं निघतात. कडेने थोडं तेल लावून, सैल करत, कातडी दुसऱ्या हाताने धरून हळूहळू सोडवायचा.

आणि लक्ष्य सैल ठेवायचं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार वृद्ध किंवा जास्त धोका असलेल्या रुग्णांची शुगर निम्म्याहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये राहिली तरी पुरे, मात्र ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आत हवा, म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटांहून कमी. मुलं फोनवर १९० बघून आईला ओरडतात आणि ६५ कडे दुर्लक्ष करतात. कृपा करून याच्या उलट वागा.

न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांच्या किंवा अंगठ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर स्पष्ट इशारा दिला, की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. त्या आकड्यावरून इन्सुलिनचं युनिट ठरवणं जिवावर बेतू शकतं.

आता तुमच्या घड्याळाकडे. त्याचा एक खरा उपयोग आहे, तो म्हणजे अनियमित ठोके ओळखणं. एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा बिघाड वयाबरोबर वाढतो, अनेकदा काहीही त्रास न देता येतो-जातो, आणि त्यामुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो. घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लहर वाचतं आणि त्यातली अनियमितता पकडतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते. त्यातल्या ०.५२ टक्के लोकांना सूचना आली, आणि नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवणाऱ्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत हा बिघाड सापडला. बाकीच्यांची सूचना खोटीच होती असं नाही, कारण तो मधूनच येतो. पण नुसत्या सूचनेवर औषध सुरू करता येत नाही, हे यावरून कळतं. अशी सूचना आली तर घाबरून धावत सुटू नका आणि पुसूनही टाकू नका. घड्याळात ईसीजी घ्यायची सोय असेल तर हात टेबलावर ठेवून तो घ्या, डॉक्टरांना पाठवा आणि आठवडाभरात नीट ईसीजी करून घ्या. धडधडीबरोबर धाप, चक्कर किंवा छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी निघा. घड्याळाचा ईसीजी एकाच बाजूने घेतलेला असतो, त्यात हार्ट अटॅक दिसत नाही. ‘घड्याळ तर नॉर्मल म्हणतंय’ म्हणून छातीतल्या दुखण्याला थांबू नये.

जास्त शोधलं म्हणजे जास्त फायदा, असंही होत नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वर्षांच्या ६,००४ जणांच्या ‘लूप’ अभ्यासात (२०२१) एका गटाच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं यंत्र बसवलं. त्या गटात ३१.८ टक्क्यांत हा बिघाड सापडला, दुसऱ्या गटात १२.२ टक्क्यांत. रक्त पातळ करणारी औषधंही त्यानुसार कितीतरी जास्त जणांना सुरू झाली. लकव्याचं प्रमाण मात्र लक्षणीय असं कमी झालं नाही. म्हणून मिनिटाभराचा एखादा भाग सापडला तर लगेच गोळी मागू नका. रक्तस्रावाचा धोका, मूत्रपिंड, पडण्याचा इतिहास हे सगळं बघून ते ठरतं.

घड्याळातल्या बाकीच्या सूचनांपैकी झोपेचे गुण, ताणाचा आकडा, ‘शरीराची बॅटरी’ हे सगळं आजच बंद करा. पावलांचा आकडाही जपून वाचा. वॉकर धरून चालणाऱ्यांचा हात हलत नाही, त्यामुळे घड्याळ पावलं फार कमी मोजतं. त्यांची त्यांच्याशीच तुलना केली, म्हणजे मागच्या महिन्यात इतकी आणि या आठवड्यात निम्मी, तर तो आकडा उपयोगी पडतो. चालणं अचानक रोडावणं ही हार्ट फेल्युअर बळावत असल्याची खूण असू शकते. बीटा-ब्लॉकर चालू असताना ताप आला तरी ठोके फारसे वाढत नाहीत, म्हणून ‘हार्ट रेट ठीक आहे’ यावर निर्धास्त होऊ नका. आणि पुढे कधी आईंना पेसमेकर बसला, तर घड्याळ आणि मोबाइल त्या जागेपासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवायचं, त्यातल्या चुंबकांमुळे.

ऑक्सिजन मोजायचाच असेल तर घड्याळावर नको, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने मोजा. बोट गरम हवं, नखाला रंग नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत निदान मिनिटभर थांबायचं. गडद कातडीवर हे यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवू शकतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८ च्या खाली असलेले कृष्णवर्णीय रुग्ण ११.७ टक्के निघाले, गोरे ३.६ टक्के. म्हणून आकडा ९४ आहे पण आईंना एक वाक्य सलग बोलता येत नाही, तर वाक्याला माना, आकड्याला नाही. सीओपीडीच्या (फुप्फुसांतल्या श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांचं गणित वेगळं आहे, त्यांच्यात अनेकांचं लक्ष्यच ८८ ते ९२ असतं. ९० दिसलं म्हणून घरी ऑक्सिजन वाढवून देणं त्यांना घातक ठरू शकतं.

सतत मोजत राहण्याचाही त्रास होतो. वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये नोंद झालेली एक केस आहे: ठोक्यांचा बिघाड असलेल्या ७० वर्षांच्या एका बाईंनी वर्षभरात घड्याळावर ९१६ ईसीजी घेतले. मनातली भीती एवढी वाढली की शेवटी मानसोपचार घ्यावे लागले. मोजायच्या वेळा ठरवून द्या आणि बाकी वेळ मोजायचं नाही, हेही त्या पानावर लिहा. तुमच्या फोनवर येणाऱ्या सूचनाही कमी करा: शुगर ७० च्या खाली, पडल्याची सूचना, अनियमित ठोके. एवढ्या तीन ठेवा. दिवसाला चाळीस सूचना आल्या तर एकेचाळिसावी, खरी असलेली, तुम्ही बघणार नाही.

पडल्याचं ओळखणाऱ्या सोयीबद्दल. घड्याळ जोरात आपटल्याचा धक्का आणि नंतरची शांतता ओळखतं. वृद्ध माणसं मात्र बऱ्याचदा पलंगाच्या कडेवरून किंवा खुर्चीतून हळूच घसरतात, ते त्याला कळत नाही. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं (२००८). पडलेल्यांपैकी ३० टक्के जण निदान एकदा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले. मदतीचं बटण अनेकांकडे होतं, आणि अशा प्रसंगांत बहुतेक वेळा ते दाबलंच गेलं नाही. कुणाला त्रास कशाला द्यायचा, आपलं आपण उठू, असं वाटतं. शिवाय पडणं जास्त कुठे होतं, तर बाथरूममध्ये आणि रात्री, आणि घड्याळ तेव्हा चार्जिंगला लावलेलं. म्हणून चार्जिंग दुपारी, दोघं जागे असताना करायचं. पाणी चालणारं घड्याळ असेल तर आंघोळीला काढायचं नाही. पट्टा नीट बसलेला हवा पण आवळलेला नको, आणि दिवसातून एकदा खालची कातडी बघायची. आणि एकदा बटण दाबून तालीम करा, आईंच्या हातून. फोन कुणाला जातो, तो उचलतो का, दार कोण उघडणार, किल्ली कुणाकडे आहे. तालमीत जे अडेल तेच खऱ्या वेळी अडणार.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवून भागेल का? बऱ्याच कामांसाठी भागतं. आकडे बघून गोळी कमी-जास्त करणं, रिपोर्ट समजावणं, औषधांचे त्रास विचारणं, हे मी आनंदाने फोनवर करते, आणि धाप असलेल्या माणसाला दोन तास बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा ते बरंच. पण छातीतली घरघर ऐकणं, पोट चाचपणं, मधुमेहाच्या पायाची संवेदना तपासणं, डोळ्यांचा पडदा बघणं कॅमेऱ्यातून होत नाही. माझा आडाखा असा: तब्येत स्थिर असताना दोन-तीन वेळा कॉल, मग एकदा समोर. नवीन तक्रार असेल तर पहिली भेट समोरच. भरती होऊन घरी आल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतही समोरच.

कॉल नीट व्हावा म्हणून थोडी तयारी लागते. आईंच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. कानाचं यंत्र लावलेलं हवं. औषधांची यादी वाचून दाखवू नका, सगळी पाकिटं आणि बाटल्या टेबलावर मांडून एकेक कॅमेऱ्यासमोर धरा. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चालू आहे, हे मला असंच सापडतं. पायाची सूज दाखवायची तर नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा, खळगा राहतो का ते मला दिसू द्या. दुसऱ्या दिवशी तिथेच थोडं वर दाबून बघा, म्हणजे सूज किती चढली ते कळतं. तुम्ही तिसऱ्या ठिकाणाहून कॉलवर असलात तर चांगलंच, पण आईंच्या वतीने उत्तरं देऊ नका. त्या किती शब्दांनंतर श्वासासाठी थांबतात, नेहमीपेक्षा गोंधळलेल्या आहेत का, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळतं. कॉल संपण्याआधी बदललेली गोळी वडिलांकडून परत म्हणवून घ्या आणि वहीत लिहून घ्या.

राहिला कॅमेरा. आईंना न सांगता लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यांना आजार आहेत, पण स्वतःचे निर्णय घेण्याची कुवत शाबूत आहे. हे घर त्यांचं आहे, आणि आपण कपडे बदलताना, रडताना, नवऱ्याशी भांडताना मुलगा बघत असेल ही शंका आली की माणूस स्वतःच्याच घरात अवघडून राहतो. घड्याळातून लोकेशन जातं, शुगर जाते, ठोके जातात, हेही त्यांना नीट सांगा: काय दिसतं, कुणाला दिसतं, आणि त्यांनी म्हटलं तर ते बंद करता येतं. लक्ष ठेवायचंच असेल तर दारावर किंवा पलंगाजवळ हालचाल टिपणारे, चित्र न घेणारे सेन्सर असतात. सकाळी नऊपर्यंत खोलीत हालचालच झाली नाही तर तुम्हाला कळेल, एवढं पुरतं. पुढे कधी स्मृतिभ्रंशामुळे आई घराबाहेर भरकटू लागल्या तर हा विषय पुन्हा काढावा लागेल, म्हणून त्या वेळी काय चालेल आणि काय नको, हे त्यांनाच आत्ता विचारून ठेवा. वडिलांनाही विचारा. कॅमेऱ्यात तेही दिसणार आहेत, आणि ८० व्या वर्षी वजनाची वही, सेन्सर आणि फोन सांभाळणारे तेच आहेत. त्यांचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी घेतलं होतं?